एकोणनव्वद

आप्पा कुंडीला पाणी घालतात ते मोजून.
ओठ हलत असतात. नव्वदला तांब्या खाली.
कढीपत्ता अर्धा कोरडा राहिला तरी
उरलेलं पाणी उद्या.

फोनवरही तेच. गावाहून आत्या बोलत असते,
कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली,
आणि मधेच, 'बरं, ठेवतो.'
आत्याला वाटतं, ठाण्याला जाऊन भाऊ तुसडा झाला.

मी बारावीत असताना एकदाच सांगितलं,
खारेगाव नाक्याजवळ स्कूटर पंक्चर झाली तेव्हा,
पंक्चरवाल्याच्या घमेल्यातल्या बुडबुड्यांकडे बघत:
'माती खरवडायची. चार बोटं खोल. पिंपात भरायची.
नव्वद आकडे झाले की फावडं तिथंच टाकून पळायचं.
दुसऱ्यानं यायचं, तेच फावडं उचलायचं.'
कुठली माती, कुठलं गाव, ते नाही.
न सांगण्याची सही केली होती म्हणे.
फक्त एवढंच, की त्या रानात मुळे होते,
चांगले मनगटाएवढे,
आणि तेही पिंपात भरले.

बिल्ला एकच होता चौघांत.
भोईटे, शेलार, तावरे, कांबळे.
चिठ्ठ्या टाकल्या. शेलारच्या छातीवर गेला.
म्हणून जे काही मोजलं गेलं ते शेलारचं.
शेलार एक्केचाळिसाव्या वर्षी गेला,
तरी आप्पा म्हणतात, नशीबवान गडी,
त्याच्या बायकोजवळ आकडा आहे.

आमच्याजवळ पत्र आहे.
'आपल्या नावे मात्रेची कोणतीही नोंद आढळत नाही, सबब'
सबबच्या पुढचं मी वाचून दाखवलं नाही.
त्यांनीही विचारलं नाही.
गळ्यावरच्या टाक्यांवरून बोट फिरवत बसले.
सबब म्हणजे काय, ते त्यांना पलटणीपासून ठाऊक.

मी कळव्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढते.
श्वास घ्या, धरा, सोडा. दिवसातून सत्तर वेळा.
माझ्या नावाचा बिल्ला आहे, माझ्या एकटीचा.
दर तीन महिन्यांनी तपासायला जातो
आणि त्याचा आकडा येतो,
इतका लहान, की शून्यालाच ओशाळं वाटावं.
तरी आप्पा विचारतात, 'किती आला?'
सांगितलं की मान हलवतात,
शेजारच्या पोराचे मार्क ऐकावेत तशी.

मागच्या रविवारी बिल्ला ॲप्रनसकट घरी आला.
तो घरी आणायचा नसतो.
दुपारी भांडी उरकून बाहेर येते तर
आप्पा खुर्चीत झोपलेले
आणि बिल्ला त्यांच्या बंडीच्या खिशाला.

मला माहीत आहे,
त्यांच्या अंगातून आता काही निघत नाही.
बिल्ल्याला मागचं वाचता येत नाही,
तो फक्त समोरचं मोजतो,
आणि समोर काय, तर ऊन,
वाळत घातलेल्या चादरी,
खाणीनं कापलेली पारसिकच्या डोंगराची एक कड.
तरी काढून घेतला नाही.
उभी राहून मोजत राहिले.
एकोणनव्वदपर्यंत आले असेन,
खालून हाक आली: 'लोखंड, पत्रा, भंगाऽर!'

आप्पा ताडकन उठले, अनवाणीच जिना उतरले.
हे दर रविवारचं.
गाडीत हात घालत नाहीत. वाकून बघतात,
काही गोल, चकचकीत,
आकाराच्या मानानं जड असं काही आहे का.
भंगारवाला पोरगा आता हसतही नाही, थांबतो.
'काय नाय, काका. कुकर हाय, पंख्याचं पातं हाय.'

मी गॅलरीतून बघतेय.
छातीवर माझं नाव लावून माझा बाप
त्या पोराला विचारतोय,
हातमोजे का नाही घालत रे.