अठ्ठावीस मिलिमीटर

फ्रीज आणि दार यांच्या मधे उरतात साडेसोळा इंच.
म्हणून पेटी सोळाची.
अर्धा इंच श्वास घ्यायला,
कुणी, ते ठरलं नव्हतं.

प्लायवूड जुन्या दिवाणाचं.
आतल्या अंगाला अजून सुताराचा खडू:
'हेदुलकर, टेंभीपाडा, बाकी ७००'.
ते सातशे त्याला मिळाले का, विचारायला आता अण्णा नाहीत.
त्याच फळीत मी होल-सॉ घातला
आणि भुसा उडाला तो थेट पोह्यांत.

लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने विचारलं होतं,
पॅनल केवढं?
मी दोन्ही हात पसरून दाखवले, मग थोडे जवळ आणले,
मग आणखी थोडे.
दोन माणसं उभी राहणार आहेत ना, म्हणाला.
राहतील, म्हटलं. चाळीतली आहेत.

पहिली जॉयस्टिक बसली.
बटणं बसली, कट् कट्, सहाच्या सहा लाल,
खाली मायक्रोस्विच एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून,
मधून वायर न्यायची तर
बोटाचं नख आधी, बोट नंतर.

दुसरी बसेना.
वरून बघावं तर मोकळं मैदान,
खालून तिची लोखंडी पट्टी आडव्या बॅटनला अडलेली.
दीड मिलिमीटर.
पटाशीने तासलं. कानस फिरवली.
देवाचं नाव घेतलं, मग जे घेतलं ते देवाचं नव्हतं.
शेवटी तिलाच पाव फेरी दिली
आणि बसली की गपकन!
फक्त आता वर होतं ते उजवं झालं,
उजवं ते खाली.
चार वायरी उपटून एकेक घर सरकवल्या.
दिशा म्हणजे शेवटी कुठली वायर कुठल्या पिनेत,
असं काहीतरी मी बोललो.
उल्काताई म्हणाली, चिमटा दे.

गाढव नाक्यावरच्या पार्लरला पडदा होता, मेंदी रंगाचा, तेलकट.
मुलींना आत सोडत नसत.
ती बाहेर, माझं दप्तर पोटाशी धरून,
पडद्याच्या फटीला एक डोळा लावून
हळूच सांगायची: आता उडी. थांब. आता.
मी उडी मारायचो.
शेवटी यंत्र नाव विचारायचं,
तीन अक्षरांपुरती जागा.
तिथे मी माझं टाकलं.
दर वेळी.

आता तिला म्हटलं, ही तुझी बाजू, हात ठेव.
सहा भोकं मी आधीच पाडली होती,
माझाच पंजा पेपरवर उमटवून.
तिने ठेवला.
तीन बोटं बरोबर पोचली. करंगळी सरळच राहिली,
गोळ्यांच्या पाकिटांच्या मशीनवर गेली ती,
एकोणीस वर्षांपूर्वी, रात्रपाळीत.
हे मला माहीत होतं.
होल-सॉ धरताना माहीत नव्हतं.

कोपऱ्यातलं ते सहावं भोक
तिच्या काहीच कामाचं नाही.
बटण लावून ठेवू का, दिसायला?
नको, दिसायला कशाला.
पुट्टी भरू?
तिने डब्यात हात घातला, खिळे, वॉशर, मोडकी किल्ली,
त्यातून काढला जुना जाड रुपया,
पार्लरच्या काळातला.
हा बसतोय का बघ.

अठ्ठावीसच्या भोकाला सव्वीसचा रुपया.
क्षणभर टेकला काठावर, जॉर्ज पंचमासारखा ऐटीत,
आणि गेला आत,
बॅटनवर आपटून, वायरींवरून घरंगळत,
तळाच्या पत्र्यावर ठण्ण.

दोघांनी एकदम समोर पाहिलं,
जिथे स्क्रीन बसायची आहे अजून.

मग ती म्हणाली,
शॉर्ट होईल. काढ आधी तो.
मी पेटी उचलून उलटी केली.
रुपया कुठेतरी अडकलाय.
हलवलं की वाजतो.