दत्तक

कार्डिफच्या नगरपालिकेनं फॉर्मवर विचारलं:
जागेशी आपलं नातं काय?
एलुनेडनं लिहिलं, शेजारीण.
मग मिळाला एक लांब चिमटा, जांभळ्या पिशव्या,
आणि लाँड्रीच्या मागून रुळांपर्यंतची ती गल्ली
साठाव्या वर्षी तिच्या ओटीत पडली.

शनिवारी ती आणि होदन.
सीगलांनी फाडलेले चिप्सचे डबे,
खरवडलेली लॉटरी, एका पायाचा मोजा.
होदन म्हणते, पोर दत्तक घेतलं असतंस
तर एव्हाना शहाणं झालं असतं.

कचऱ्यावरून माणसं कळू लागतात.
कोणीतरी सिगारेट सोडू पाहतंय:
अर्ध्यावरच विझवलेली थोटकं.
आणि बाकाखाली दर आठवड्याला
व्होडकाची एक चपटी, झाकण घट्ट लावलेली.
रिकामीतून काय सांडणार होतं, कोण जाणे.

मार्चात दोन शनिवार चपटी नव्हती.
गल्ली कधी नव्हे इतकी स्वच्छ.
एलुनेड पुन्हापुन्हा वाकून बघत राहिली,
एकदा रुळांकडेही बघून आली.
होदननं काही विचारलं नाही.

तिसऱ्या शनिवारी होती. झाकणासकट.
"मेल्या," ती वेल्शमध्ये म्हणाली,
आणि चिमटा काखेत मारून
हातानंच उचलली.