आदर्कीला

पहाटेचे पावणेचार. सिग्नल लाल.
लोणंदनंतर घाट चढता चढता गाडी दमली
आणि आदर्कीला उभी राहिली ती राहिलीच.
डब्यात सगळे शालीखाली.
समोरच्या बर्थवरचा फौजी झोपेतच
हात खाली सोडून बूट चाचपतो, आहेत ना.

चौथी रात्र ही.
काझीगुंडला काचेवर आतून बर्फ धरला होता.
नखानं खरवडून मी एक भोक पाडलं, रुपयाएवढं.
त्यातून दिसले चिनार, नुसत्या काड्या,
आणि फेरनात कांगडी धरून चाललेली एक बाई,
गाडीकडं न बघता.
मग बोगदा. मग जम्मू. मग धुकं, इतकं
की पानिपत कधी गेलं कळलंच नाही.
बरं झालं, म्हणाला डब्यातला एक कराडचा.

पिशवीत, स्वेटरात गुंडाळलेली मूस आहे.
तडकलेली. आता कामाची नाही.
एकतीस वर्षं श्रीनगरच्या एका बोळात
सराफांच्या दुकानातली झाडलोट विकत घेतली,
जाळली, धुतली, आटवली.
पोतंभर राखेत गव्हाएवढं सोनं.
तेजाबानं बोटांची टोकं नेली.
गार-गरम मला मनगटापासून वर कळतं.

खाली उतरलो.
खडीवर दव, रुळांवर दव,
डोंगर आहे हे ठाऊक म्हणूनच आहे.
पॉइंट्समननं तुराट्या आणि एक फुटका खोका पेटवलेला.
तो सरकला. जागा दिली.
मी हात धरले जाळावर,
केस करपल्याचा वास आला तेव्हा मागं घेतले.

"पाव्हणं, कुठलं?"

तिकडं हा प्रश्न रोजचा.
मी म्हणायचो, विटा.
मग सांगली. मग महाराष्ट्र. मग नाइलाजानं बंबई,
की ते समाधानानं मान हलवायचे.
एकतीस वर्षं तेच उत्तर, चार पायऱ्यांचं.
आणि आज, किर्लोस्करवाडी तीन तासांवर असताना
तोंडातून निघालं, "श्रीनगर."

"आयला, मग तुमास्नी ह्या थंडीचं काय!"

माझे तर दात वाजत होते.
तिथं उणे सातात वाजले नव्हते एवढे.
तिथं फेरन असायचा अंगावर, गुलाम हसननं दिलेला.
दुकानातल्या खुंटीला ठेवून आलोय,
परत येणारा माणूस ठेवतो तसा.
येणार नाही, हे त्याला सांगितलेलं नाही.

सिग्नल मिळाला.
पॉइंट्समन उठला, बॅटरी घेतली,
जाता जाता पायानं जाळ पसरून टाकला.
सवयीनं मी वाकलो.
चिमूटभर राख बोटांत धरून चोळली,
उजेडाकडं करून बघितली.

काही नव्हतं.

गाडी हलली तसा पळत दांडी धरली.
फौजी उठून बसलेला, बुटांच्या नाड्या बांधत,
साताऱ्याला उतरायचं म्हणून आत्तापासून तयार.
"काका, तुमचं कुठलं गाव?"
"लांबचंय," म्हणालो,
आणि काचेला नख लावलं.
इथं नुसता दमटपणा. तळहातानंच पुसला गेला
आणि पलीकडं पळशी, एक दिवा,
घोंगडं पांघरलेला कुणीतरी
गाडीकडं बघत उभा.