पहिले आठ सेकंद

क्लबात सगळ्यांत तरुण मी. वय त्रेपन्न.
म्हणून व्हिडिओचं लोढणं माझ्या गळ्यात.
"तुला जमतं हे सगळं," म्हणाले क्लिफर्ड एन्टविसल,
मी दिवसभर औषधांच्या दुकानात गोळ्या मोजतो
हे पक्कं ठाऊक असून.

टॉडमॉर्डन. दोन्ही अंगांना टेकड्या
आणि आम्ही वाटीच्या तळाशी उरलेल्या आमटीसारखे.
इथून निघणाऱ्या लहरीला
आधी घाट चढावा लागतो, मग जग.

पहिला व्हिडिओ बावीस मिनिटांचा:
क्लिफर्ड एक जुना ट्रान्सफॉर्मर खोलतात, पुन्हा बंद करतात.
बघणारे एकतीस. त्यातले पाच आम्ही,
आणि तीनदा मीच.
आलेख आठव्या सेकंदाला
कड्यावरून पाय घसरल्यासारखा.

मग मी शिकलो. चेहरा जवळून. अक्षरं पिवळी, ठसठशीत.
पहिल्या चित्रात आश्चर्य हवं म्हणतात,
तर मॉरीन सगडेन यांनी तोंड उघडलं
दातांच्या डॉक्टरपुढे उघडतात तसं.
काय दाखवणार पण?
छंद कानांचा, गिऱ्हाईक डोळ्यांचं.

शांतता कापल्या. खरखर कापली.
क्लिफर्डचे "हं… थांबा… हं" कापले, छत्तीस.
चाळीस मिनिटांची चार झाली.
आता हाक दिली रे दिली की जगातून उत्तर,
सगळेच हजरजबाबी.
मॉरीननी चष्मा पुसत पाहिलं, दोनदा.
"छान आहे," म्हणाल्या,
"फक्त ह्यात आपण कुणाचं ऐकत नाही आहोत."

नोव्हेंबरात माळावर गेलो, वर, जिथे घाट संपतो.
फाटकाला मासेमारीची काठी बांधली, काठीला तार,
तारेला गाडीची बॅटरी आणि मॉरीनचा हात.
त्या हाताला चहाचा कप धरवत नाही,
बोटं आल्याच्या कुड्यांसारखी झालीत.
किल्लीवर ठेवला आणि थरथर गेली.
कड् कट्ट. कड् कट्ट.
कोणी आहे का? कोणी आहे का?
खरखर.
कोणी आहे का?
वारा. थर्मासचं झाकण गडगडत गेलं.
क्लिफर्ड कानांत प्राण आणून बसलेले,
एक कान हेडफोनला, एक माझ्याकडे:
"बोलू नकोस."
मी बोलत नव्हतो.

किती वेळ गेला माहीत नाही. मग तळातून,
भाताच्या खालून खडा लागावा तसं
एक कट्ट.
न्यूफाउंडलंडचा कोणी लेव्ही.
मॉरीननी पेन्सिलीनं एकेक अक्षर उतरवलं:
हवा बर्फ. कुत्रा आजारी. तुमचा आवाज बारीक पण स्वच्छ.
आम्ही तिघं त्या कुत्र्यासाठी थबकलो.

कॅमेरा? त्याला माझा धक्का लागला होता.
अकरा मिनिटं त्यानं एक मेंढी टिपली,
फाटकापलीकडची, टॉर्चच्या पिवळ्या उजेडात,
प्रत्येक कट्टला तिचा डावा कान हलताना.

तेच लावलं. खरखरीसकट.
सुरुवातीची पंचेचाळीस सेकंदं नुसतीच खरखर आणि मेंढी.
आलेख पुन्हा कोसळला, आठव्याच सेकंदाला, खोटं का बोलू.
पण खाली पडल्यावर तो सपाट झाला
आणि तसाच राहिला, शेवटपर्यंत.
एकोणीस.

भीतभीतच सांगितलं क्लिफर्डना.
त्यांनी लॉगबुक ओढलं, तारीख घातली, वेळ घातली,
आवाज कसा आला त्या रकान्यात थोडे अडखळले.
"एकोणीस? एका रात्रीत?
मला पहिल्या अख्ख्या वर्षात चौदा भेटले होते."

पुढच्या मंगळवारी कॅमेरा सुरू केला.
क्लिफर्ड काचेकडे बघून "हॅलो" म्हणाले
आणि थांबले. समोरून कोणी काही म्हणेल म्हणून.
एक. दोन. पाच. आठ.
नऊ.
कात्री खिशातच राहू दिली.