लिटरला पस्तीस ग्रॅम

नॅकची कमिटी येणार म्हणून बोबडे मॅडमनं
नागपूरहून तारामासा आणला,
डब्यात, मांडीवर, एसटीनं आर्वीपर्यंत.
कमिटीनं पाहिलं, मान डोलावली, जेवून गेली.
काच उरली माझ्याकडे
आणि समुद्र करायचं काम.
लिटरला पस्तीस ग्रॅम. सोनारासारखं मोजते.
समुद्र मी पाहिलेला नाही,
पण जिभेवर थेंब ठेवून सांगते आता
कमी पडला की जास्त झाला.

डेडस्टॉक रजिस्टर, पान चौदा:
सांगाडा, माणसाचा, एक.
बेडूक, बरणीतले, सहा.
तारामासा, जिवंत, एक.
'जिवंत' बाबूनं खोडलं.
डेडस्टॉकात जिवंत बसत नाही म्हणाला.

मे महिन्यात लाइन गेली ती दीड दिवस.
बर्फाच्या बाटल्या सोडल्या,
सायकलच्या पंपानं हवा मारली रात्रभर.
सकाळी त्याचा एक हात पांढरा पडला होता,
दुपारी त्यानं तो सोडून दिला.
तुटला नाही. सोडला.
उंबऱ्याशी वहाण काढावी तसा,
मागं न बघता.

मॅडम फोनवर:
"बेबीताई, तो तुकडा फेका, पाणी नासेल."

चहाच्या गाळणीनं उचलला,
मोरीपर्यंत गेले.
त्यांच्या हाताच्या टोकाला लाल ठिपका असतो,
मॅडमनंच शिकवलं होतं, तो डोळा.
डोळा असलेलं मोरीत कसं टाकावं?
श्रीखंडाच्या डब्यात ठेवला. पस्तीस ग्रॅम.

हात उचलायची मला सवय आहे.
हिरामणचा उजवा, कोपराखालचा,
कडबा कुट्टीतून मीच काढला,
दुपट्ट्यात बांधून सेवाग्रामला नेला.
डॉक्टर म्हणाले, चेंदा झाला, बसणार नाही.
हिरामण तिथं राहिला,
हात माझ्यासोबत परत आला काळीपिवळीत.
त्याचं भाडं कुणी मागितलं नाही.

धुऱ्यावर पळसाखाली खड्डा केला,
तान्ह्या लेकरापुरता.
मीठ टाकतात, किती ते ठाऊक नव्हतं,
मी अख्खी पायली ओतली.
मग काकानं विचारलं,
तळहात वर ठेवायचा का खाली?
कुणालाच माहीत नव्हतं.
बोटं तेवढी शाबूत होती.
आईनं ती एकेक करून मिटली,
पैसे दिल्यावर लेकराची मूठ मिटतो तशी.

पोळ्यापर्यंत तारामाशाला
रिकाम्या जागी पाती धरली, पऱ्हाटीला धरते तेवढी.
हे मॅडमनं सांगितलं होतं.
डब्यातलं सांगितलं नव्हतं.
जिथून तो हात सुटला, त्या जखमेच्या अंगाला
चार दाणे आले ज्वारीएवढे,
मधे तोंडासारखं काहीतरी.
माशाला हात येत होता, ठीक आहे.
इथं हाताला मासा येत होता.

मंगळवारी बाजाराला आला तेव्हा हिरामणला दाखवलं.
मोठ्या काचेकडे त्यानं पाहिलंच नाही.
डब्यावर वाकून राहिला,
रिकामी बाही खिशात खोचलेली.
"म्हंजे तिकडं धुऱ्यात
माह्या हाताले बी एखादा हिरामण आला असन."
"चूप बस."
"माह्याहून बरा असन थो. पेत नसन.
लगन झालं असन त्याचं."
हसला. मग डब्याचं झाकण हातात घेऊन
उगीच पुसत बसला शर्टाला.
"पन मंग खरा कोन्ता वं, बेबे?"

पान चौदा उघडं होतं टेबलावर.
एकचा दोन करावा
की एकच ठेवून पुढं शेरा लिहावा,
बाबूला विचारणार नाही.

निघताना दारात थांबला.
"उजवा तयहात खाजून राह्यला सकायपासून.
पैसा येते म्हन्तेत."
"कोनाले?" मी म्हटलं.
त्यानं डाव्या हातानं
गावाकडं, पळसाच्या बाजूला दाखवलं
आणि पिशवीसाठी तोच हात पुढं केला.