माइक चालू होता

हॉग्नीला वाटलं, माइक बंद आहे.
म्हणून तो दोरखंडवाल्या पोराला म्हणाला,
बोट धक्क्याला लावताना कप्तान तुम्मास
डोळे मिटून देवाचं नाव घेतो,
वीस वर्षं झाली, धक्का कुठे आहे ते त्याला अजून कळलेलं नाही.

खाली चाळीस उतारू, सहा मेंढ्या,
आणि कॉफी घ्यायला आलेला तुम्मास.

मेंढ्यांनी तेवढं मनावर घेतलं नाही.

रात्रभर हॉग्नीने ते वाक्य चघळलं,
वाऱ्यावर वाळवलेल्या मटणासारखं;
गिळवेना, थुंकवेना.
शब्द त्याचेच, पण एव्हाना
सगळ्या बेटाच्या तोंडी झालेले.

सकाळी सव्वासातची फेरी. तोच माइक.
त्याने कळ पाहिली. परत पाहिली.
घसा खाकरला,
तोही सगळ्यांना ऐकू गेला.
"नोल्सोय आलं. जपून उतरा."
एवढंच तर म्हणायचं होतं.

खालून कुणीतरी ओरडलं,
"सापडला का धक्का?"
अख्खी बोट हसली.
तुम्मासही. जरा उशिरा.

उतरता उतरता म्हाताऱ्या सुन्वाने
त्याच्या तळहातावर ज्येष्ठमधाची गोळी ठेवली.
"घशाला बरी. परतीच्या फेरीलाही
तूच आहेस ना?"

गोळी खारट होती, तिकडे असतात तशी.
ती गालात धरून
तो दोर गुंडाळायला लागला.