हातचा एक

डेव्हेंटरच्या दवाखान्यात, नदीकडच्या खोलीत
विट्स्के नर्स माझ्यापुढे दोन खोकी ठेवते.
एकात पेन. टोकाची चकती फिरवायची,
टिक टिक करत दीडशेवर थांबायचं.
दुसऱ्यात पूड, आणि ती विरघळवायला पाणी.
काचेची मान मोडायची, बोट कापायचं नाही.

मधे एक तक्ता.
किती रात्री टोचलं, किती फॉलिकल वाढली,
किती बीजं हाती लागली,
किती जणींना दिवस गेले.
पेनची बीजं दोन-तीन जास्त.
शेवटच्या ओळीत मात्र दोन्ही आकडे शेजारी शेजारी,
फरक इतकाच की
चूकभूल द्यावी घ्यावी.

"हे येतं कुठून?"
विट्स्के चष्मा कपाळावर सरकवते.
पेनातलं औषध हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशी बनवतात,
स्टीलच्या मोठ्या टाक्यांत,
कोणासाठी ते त्यांना कळतही नाही.
पूड येते पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून.
दुकान बंद झालं हे मेंदूला पटतच नाही,
तो हाका मारत राहतो, आधीपेक्षा जोरात,
आणि हाका वाहून जातात.
त्या गाळून, वाळवून, ही पूड.

मी पूड घेतली.
यान म्हणाला, पेन सोपं आहे.
होतंच.
पण मला हाका हव्या होत्या.

अकरा रात्री.
यान काच मोडतो, मी पोटाची चिमूट धरते,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
दिवस जातात. नुसतेच जातात.
आठव्या दिवशी पडद्यावर सात काळे गोल.
मार्लूसला, पेनवालीला, बारा.
ती सांगत नाही, पण चालताना पोट सांभाळते,
आणि मशीनची कॉफी माझ्यासाठीही आणते.
बारातून सात.
मी मनात वजाबाकी करते आणि कॉफीत बघत राहते.

शेवटची सुई रात्री साडेदहाला,
एक मिनिट इकडेतिकडे नाही.
"आणि ही कुठून?"
"गरोदर बायकांकडून. पहिल्या महिन्यांत
बाटल्या भरून देतात. इथल्याच."

आईला फोन केला, झुत्फेनला.
पलीकडे बराच वेळ नळाचं पाणी.
मग नळ बंद.
"तुझ्या वेळी मीही दिल्या होत्या.
हिरव्या झाकणाच्या. मंगळवारी माणूस यायचा,
दारातून उचलायचा, उलट्या दूधवाल्यासारखा.
तुझ्या बाबांना लाज वाटायची. मला नाही."
"कधी बोलली नाहीस."
"त्यात काय बोलायचं? मुतायचं तर होतंच."

दहा एकोणतीस.
म्हणजे मी भोपळ्याच्या बीएवढी असताना
माझ्या असण्याची बातमी
कुठल्याशा बाईच्या मांडीत टोचली गेली होती.
तिचं पुढे काय झालं कोण जाणे.
कदाचित माझ्याच वयाचं कोणी
आत्ता शेवटच्या बसने घरी येत असेल,
पायात ओले बूट, खिशात किल्ल्या.
तक्त्यात हा रकाना नाही.

साडेदहा, यान म्हणतो.
मी चिमूट धरते. सात मांडते,
आणि शाळेतल्या बाईंनी शिकवलं तसा
हातचा एक
वर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहून ठेवते.